पाच हजार चार

डेअरीच्या भिंतीवर सरकारी कागद चिकटवला होता आणि त्यापुढे दुधाचे कॅन घेऊन उभी राहिलेली माणसं हसत होती. गावाचं शहर झालं म्हणे. लोहार म्हणाला, काल झोपलो तेव्हा तर गावच होतं. न्हावी म्हणाला, आता दुकानावर सलून लिहून घेतो, खुर्ची तीच, वस्तराही तोच.

मीही हसले. मग कागद शेवटपर्यंत वाचला. मास्तरीण असल्याचा हा तोटा, सुरू केलेलं वाचून संपवावं लागतं. वर मोठ्या अक्षरांत होतं की गावाची लोकसंख्या पाच हजार चार भरली, आणि पाच हजार किंवा जास्त भरली की गाव शहरात मोडतं. खाली बारीक अक्षरांत होतं की शहराच्या वस्तीत घरटी दोनच्या वर गुरं ठेवता येणार नाहीत. गोठे महिन्याभरात हद्दीबाहेर न्यायचे, नाहीतर जनावरं जप्त.

आमच्या अकरा म्हशी. हद्दीबाहेर आमची वीतभर जमीन नाही. आहे ते घर, घरामागचा गोठा आणि नदीकाठची चराई. माझी शाळेतली नोकरी कंत्राटी, पगार आला तर आला. म्हशी गेल्या तर चूल कशावर पेटणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि हे पाच हजार चार कुठून आले? माझ्याच हातून. शिरगणतीचं काम शाळेतल्यांकडे असतं. आमच्या बाजूची दीडशे घरं मी मोजली होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

घरी आले तर आमचे हे शेवटच्या म्हशीची धार काढत होते. कागदात काय आहे ते मी सांगितलं. त्यांनी धार थांबवली नाही. चरवी भरली, उठले, पाठ सरळ करताना भिंतीला हात लावला आणि विचारलं, "तू मोजलं होतंस ना? मग गाव वाढलं कुठून? अर्ध्या घरांना तर कुलपं आहेत."

उत्तर मला ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. फॉर्मवर प्रश्न होता, घरात किती माणसं राहतात. मी दारात उभी राहून विचारायचे आणि घरातली म्हातारी बोटांवर मोजायची. मी, आमचे हे, सून, आणि पोरगा. पोरगा कुठे आहे विचारलं की उत्तर एकच, बाहेर गेलाय. बाहेर म्हणजे शहरात. कुणाचा सहा वर्षांपूर्वी गेला, कुणाचा सोळा. मी म्हणायचे, मावशी, तो आता तिकडे राहतो, इथून गेला तो. की म्हातारी अंगावर यायची. "गेला म्हणू नकोस. बाहेर गेलाय म्हण." आपल्याकडे निघणाऱ्यालासुद्धा जातो म्हणू देत नाहीत, येतो म्हणायला लावतात. गेला म्हणायचं ते माणूस संपल्यावर. मग कुठली आई लेकाला गेला म्हणेल? पहिल्या दहा घरांत मी वाद घातला. उन्हाचे दिवस, घसा कोरडा पडलेला. अकराव्या घरापासून त्या सांगतील ते लिहीत गेले.

आमच्या घरातही तेच. राहणारी आम्ही चार, सासूबाई, हे, मी आणि आमची मुलगी. सासूबाईंनी सांगितली सहा. थोरले दीर आणि जाऊबाई धरून. ते शहरात गेल्याला अकरा वर्षं झाली. त्यांची पोरं तिकडेच जन्मली, तेवढी सासूबाईंनी सोडली, हेच उपकार. मी सहा लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आणि दोन पंच तालुक्याच्या कचेरीत गेलो. बाकावर तीन तास बसलो. ह्यांच्या सदऱ्याला शेणाचा डाग होता आणि ते सारखे त्यावर पिशवी धरत होते. समोरून कारकून जा-ये करत होते, एकाने नाकाला रुमाल लावला. मला त्याचा रुमाल ओढावासा वाटला.

साहेब मात्र चांगला होता. त्याने भिंतीवरचा तक्ता दाखवला. वीस वर्षांत मोठं शहर दुप्पट झालं, मधली शहरं जेमतेम वाढली आणि लहान गावं सगळी घटली. तक्त्यात लहान गावांच्या ओळीत सगळीकडे उणे, उणे, उणे. फक्त आमच्या गावापुढे अधिक. साहेब म्हणाला, आम्हाला आनंद झाला हो. म्हटलं, एक तरी लहान ठिकाण वाढतंय. वर कळवलं, योजना आखली.

पंचांनी विचारलं, मोठं शहरच का वाढतं? तिथे तर उभं राहायला जागा नाही म्हणतात. साहेब म्हणाला, मोठं आहे म्हणून वाढतं. जिथे माणसं तिथे काम, जिथे काम तिथे माणसं.

मला आमच्या गोठ्यापुढचे दोन हौद आठवले. दोन्ही मीच भरते. अकरा म्हशी येतात आणि एकाच हौदावर तुटून पडतात, शिंगाला शिंग लागतं, दुसरा हौद काठोकाठ तसाच. का, तर पहिल्यावर आधीच दोघी उभ्या असतात. जनावर म्हणून आपण हसतो.

शेवटी मी सांगून टाकलं की मोजणी चुकली. चुकली म्हणजे मीच चुकवली, नसलेली माणसं लिहिली. माझ्यावर कारवाई होईल का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. साहेबाने नियम सांगितला. पंधरा दिवस दुरुस्तीला आहेत. कारकून गावात येऊन बसेल. घर ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतः यायचं, अमका माणूस माझ्या घरात राहत नाही असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि अंगठा किंवा सही द्यायची. दुसऱ्याने सांगितलेलं चालणार नाही. पाच नावं कमी झाली की चार हजार नऊशे नव्याण्णव, मग गाव गावच राहील.

पाचच. येताना हे गाडीत शीळ घालत होते. मला धीर नव्हता. आमचं घर सासूबाईंच्या नावावर आहे, ते मला आठवत होतं.

कारकून आला आणि शाळेच्या ओसरीत टेबल टाकून बसला. पहिले चार दिवस टेबलापाशी कुत्रंही फिरकलं नाही. रस्त्याकडेला जमीन असलेला वाणी घरोघर सांगत फिरत होता की शहर झालं की जमिनीला भाव येईल, गप्प बसा. त्याचं काय, त्याच्याकडे एक बकरीसुद्धा नाही. गोठेवाली नऊ घरं होती, पण त्या नवांतही घर म्हातारीच्या नाहीतर म्हाताऱ्याच्या नावावर. शिंप्याची आई पाचव्या दिवशी आली, आम्ही सगळे टेबलाकडे सरकलो. कारकुनाने विचारलं, मुलगा इथे राहतो का? ती म्हणाली, चार दिवसांसाठी बाहेर गेलाय. त्या चार दिवसांना सोळा वर्षं झाली होती. कारकून म्हणाला, मग आहे म्हणायचा. ती म्हणाली, आहेच, आणि काठी टेकत निघून गेली.

घरी काम कुणासाठी थांबत नव्हतं. पहाटे शेण काढायचं, धारा, डेअरी, मग हे म्हशी घेऊन नदीकाठी जायचे. निघताना दारातून म्हणायचे, येतो. संध्याकाळी धुळीत परत यायचे. सासूबाई गोठ्याच्या दाराशी दगडावर बसून प्रत्येक म्हशीच्या पाठीवर हात मारत मोठ्याने मोजायच्या. गाभण म्हैस दिवस भरत आल्यामुळे गोठ्यातच असायची. तिच्यापासून सुरुवात, एक. मग बाहेरून येणाऱ्या दहा. अकरा म्हटलं की उठायच्या आणि आत जायच्या. मागून हे आत येऊन दाराला अडणा लावायचे.

ती गाभण म्हैस थोरल्याची. म्हणजे थोरल्या भावजींनी जाताना एक पारडी ठेवली होती, तिची ही नात. घरातल्या ओसरीवरची खाटही थोरल्याची. अकरा वर्षं तिच्यावर कुणी झोपलं नाही. हे आधी खाली सतरंजीवर झोपायचे, आता म्हशीचे दिवस भरले म्हणून महिनाभर गोठ्यात पथारी टाकत होते. त्यांच्या अंगाचा वास धुऊनही जात नव्हता आणि गुडघे उठताना वाजत होते. चाळिशीही आली नव्हती.

सातव्या दिवशी चौघांची नावं गेली. लोहाराने रागाच्या भरात दोन्ही पोरांची कापली, म्हणाला, हातोडा सोडून पळाले ते माझे कुठले. तेलीण काकूने जावयाकडे राहणाऱ्या मुलीचं काढलं, आणि गोठेवाल्या म्हाताऱ्याने नातवाचं. कारकुनाने पाटीवर खडूने लिहिलं, पाच हजार. अजून एक हवं होतं. तिथेच आकडा अडला आणि आठ दिवस जागचा हलला नाही.

एक. आमच्या घरात दोन होती.

हद्दीबाहेर जागा मिळते का म्हणून हे चार गावं फिरून आले. एकाने पडीक तुकडा दाखवला, पण पाणी दोन मैलांवर. आणि गाभण म्हशीला तिथवर चालवणार कोण? वाटेतच व्याली तर म्हैस आणि पारडू दोन्ही हातची जायची. परत आल्यावर ते हौदाच्या कठड्यावर बसून राहिले. मी तांब्या दिला तर पाणी प्यायचं सोडून त्यात बघत बसले.

मी थोरल्या भावजींना फोन लावला. मागे इतका गलबला होता की ते दुसऱ्या खोलीत गेले, तिथेही तेवढाच. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग काढा की नाव. मला इथे मोजलंय. इथल्या बाईने दारात येऊन लिहून नेलं." म्हणजे एकच माणूस दोन ठिकाणी. त्याच्या एकट्याच्या जोरावर इथलं गावही वाढलं आणि तिथलं शहरही. मी विचारलं, भावजी, तिकडे बरं आहे ना? ते म्हणाले, आलो तेव्हा गल्लीत शेवटचं घर आमचं होतं, आता आमच्यापुढे चार गल्ल्या आहेत. रोज एक टेम्पो सामान घेऊन येतो. इथे सगळे येतात, कारण सगळे इथे आहेत. मग थोडं थांबून म्हणाले, आईला मात्र मी सांगितलं म्हणू नका.

मी सांगितलंच. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, आई, भावजी स्वतः म्हणाले नाव काढा. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "तो म्हणेल. त्याने म्हणून काय होतं?"

मी समजावलं की हे नुसतं कागदावर आहे. त्या म्हणाल्या, मास्तरीणबाई, कागदावर आहे म्हणूनच तर आपण इथे बोंबलतोय.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ह्यांचा बांध फुटला. सासूबाई दगडावर बसून अकरा म्हणाल्या आणि उठायला लागल्या, तेवढ्यात हे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. हातात अडणा तसाच. आवाज चढवला नाही, तेच जास्त भीतीचं होतं.

"आई, अकरा वर्षं मी शेण काढतोय. तुझ्या दुखण्यात मी तुला पाठीवरून दवाखान्यात नेलं. तो वर्षातून एकदा पेढ्याचा खोका पाठवतो, आणि मोजताना पहिलं नाव त्याचं. एकदा, फक्त एकदा गेला म्हण. नाहीतर या म्हशी जातील, आणि मग माझं इथे काय आहे?"

सासूबाई म्हणाल्या, तू तर आहेसच. एवढंच बोलून आत गेल्या. तू तर आहेसच. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही. ह्यांनी अडणा लावला, गाभण म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि जेवायला आत आले नाहीत.

शेवटच्या दिवशी दुपारी चारला सासूबाई स्वतःहून उठल्या. धुवट लुगडं नेसल्या आणि मला म्हणाल्या, चल. मला वाटलं, सुटलो. हे म्हशींबरोबर नदीवर होते, त्यांना निरोप द्यायलाही वेळ नव्हता.

ओसरीत गोठेवाले जमले होते. वाणीही पान चघळत खांबाला टेकून उभा होता. कारकून घामाने थबथबला होता आणि कागदांची चळत बांधायला लागला होता. सासूबाईंना स्टुलावर बसवलं. मी मागे उभी राहिले.

त्याने आमचा कागद काढला आणि नियमाप्रमाणे विचारलं, तुमच्या घराच्या छपराखाली रोज कोण कोण राहतं, एकेक सांगा.

सासूबाईंनी बोटं उघडली. म्हणाल्या, मी. मग थोरला, तो बाहेर गेलाय. थोरली सून, ती त्याच्याबरोबर. ही मास्तरीण. हिची पोरगी. पाच बोटं झाली आणि मूठ मिटली.

गोठेवाल्यांपैकी कुणीतरी कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. कारकुनाने कागद वर केला, पुन्हा मोजलं, म्हणाला, इथे सहा लिहिलेत. धाकटा मुलगा आहे ना एक?

"तो होय? तो गोठ्यात असतो."

"म्हणजे घरात नाही राहत?"

सासूबाईंची मान जरा माझ्या बाजूला वळली, पूर्ण वळली नाही. त्यांना कळलं होतं का? कळलं होतं. आधी सवयीने बोलून गेल्या असतील, पण त्या क्षणी त्यांना पक्कं कळलं होतं, आणि मलाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "घरात नाही. गोठ्यातच झोपतो."

कारकुनाने घड्याळ पाहिलं. गोठा म्हणजे घर नव्हे, असं स्वतःशीच पुटपुटला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, मोजणी तुमची होती. बरोबर आहे का हे?"

मी तोंड उघडलं. समोर लोहार उभा होता, गोठेवाला म्हातारा उभा होता, मागे पाटीवर पाच हजार लिहिलेलं होतं. एकच शब्द बोलायचा होता. मी हो म्हणून मान हलवली. पहिल्यांदा नसलेल्यांना आहे लिहिलं होतं, आता असलेल्याला नाही लिहू दिलं. तेही माझ्या नवऱ्याला. मला स्वतःची शिसारी आली आणि त्याच वेळी जीव भांड्यातही पडला, दोन्ही खरं.

कारकुनाने नावावर रेघ मारली. सासूबाईंनी अंगठा दिला. पाटीवर चार हजार नऊशे नव्याण्णव झाले. लोकांनी त्यांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं, वाणी थुंकून निघून गेला. सासूबाई शाईचा अंगठा लुगड्यापासून लांब धरून घरी चालत आल्या.

ह्यांना ते माझ्याआधी न्हाव्याने नदीकाठीच सांगितलं होतं. ते आले तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. मी म्हटलं, अहो, ऐका ना. ते म्हणाले, गोठा वाचला ना? झालं तर. धारा काढल्या, एकही थेंब सांडला नाही.

सकाळी म्हशी सोडल्या. काठी घेतली. डोक्याला फडकं बांधलं. दारात उभे राहून आत बघून म्हणाले, "जातो."

मुलीने जेवता जेवता वर पाहिलं. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि सासूबाई तशाच अनवाणी बाहेर आल्या. "येतो म्हण," त्या म्हणाल्या. हे चालत राहिले. त्या अंगणाच्या टोकापर्यंत गेल्या, खडे टोचत असतील, आणि पुन्हा म्हणाल्या, येतो म्हण रे. म्हशींच्या मागे धूळ उठली होती. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मी शाळेत गेले. दिवसभर काय शिकवलं मला माहीत नाही. मधल्या सुट्टीत घरी आले तर आमच्या खुंटीवरची ह्यांची पिशवी जागेवर होती की नाही ते आधी पाहिलं. होती. तरी जिवाला स्वस्थता नाही. शहराकडे जाणारी गाडी नदीवरच्या पुलावरून जाते आणि हात दाखवला की थांबते. जायला पिशवी लागते असं थोडंच आहे? थोरले भावजी गेले तेही अंगावरच्या कपड्यांनिशीच.

सासूबाईंनी दुपारी जेवण केलं नाही. ऊन उतरायच्या आधीच गोठ्याच्या दाराशी दगडावर जाऊन बसल्या. अंगठ्याची शाई गेली नव्हती, त्या दुसऱ्या हाताने चोळत होत्या. मी हौद भरायचं निमित्त करून तिथेच थांबले.

म्हशी आल्या. रोजच्या वेळेला, रोजच्या रांगेत. मागे माणूस दिसत नव्हता. म्हशींना वाट पाठ असते, त्यांना कुणी आणावं लागत नाही. सासूबाईंनी आतल्या गाभण म्हशीकडे हात केला आणि एक म्हणाल्या. दोन. तीन. प्रत्येक पाठीवर हात पडत होता, पण नजर धुळीत होती. आठ. नऊ. आवाज बारीक होत चालला होता. दहा. शेवटची म्हैस दारात अडखळली, तिला ढकलून आत घातलं. अकरा.

त्या उठल्या नाहीत. दारातली धूळ खाली बसत होती. माझी बादली भरून वाहत होती आणि पाणी माझ्या पायावरून जात होतं, तरी मी ती बाजूला घेतली नाही.

मग वाटेच्या वळणावर काठी दिसली. हे येत होते, रोजच्यासारखेच, डावा गुडघा जरा ओढत. दारापाशी आले, खाली वाकून आत शिरायला लागले, आणि सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. जोरात, म्हशीला मारतात तसं.

"बारा," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

हे तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं, आता हे बोलतील, अकरा वर्षांचं सगळं बोलतील. त्यांनी अडणा उचलला, दाराला लावला आणि म्हणाले, "मोजलंस एकदाचं. आता दावंही बांध."